चेंडू चालतो, कप्तानी चालत नाही

‘खेळात जात नसते’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवले जाते की ऐकणाऱ्यालाही ते खरे वाटू लागते. वाशीमच्या जिल्हा क्रीडा संकुलापासून मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यापर्यंत कुठल्याही स्पर्धेच्या उद्‌घाटनाला जा, नारळ फोडणारा पुढारी हे वाक्य म्हटल्याशिवाय माईक सोडत नाही. टाळ्या पडतात, पुढाऱ्याची गाडी धूळ उडवत निघून जाते आणि मग खरा खेळ सुरू होतो. संघ कोण निवडणार? कप्तान कोण होणार? पंच कोणाचा? जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीवर कोणाची आडनावे असणार? हे सगळे ठरते तेव्हा तिथे नारळही नसतो आणि माईकही नसतो. बंद खोली असते.

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या पोरांना खेळू देत नाहीत, असे म्हणण्याचे दिवस बरेचसे गेले. आता खेळू देतात. ज्याचा चेंडू वळतो, ज्याची चढाई यशस्वी होते, जो शंभर मीटर इतरांआधी पार करतो, तो संघाला हवाच असतो. पण त्याच्या मेहनतीवर जिंकलेल्या संघाचे पुढारपण त्याला मिळते काय? प्रश्न हा आहे. हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्याच एका माणसाच्या वाट्याला तो आला आणि त्या माणसाचे नाव आमच्या पोरांना शाळेत कोणी शिकवत नाही. ते नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घर चांभाराचे. वडील लष्करात चाकरीला, त्यामुळे कुटुंब पुण्यात आले. लष्करी छावणीच्या आसपास वाढणाऱ्या पोरांनी गोऱ्या अंमलदारांचा खेळ लांबून बघितला, त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर हात साफ केला. शाळा फार झाली नाही, घरात पैसा हवा होता. पुण्याच्या एका पारशी क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम मिळाले, पगार महिना ३ रुपये. तिथून १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पुना क्लबात गेले, तिथे ४ रुपये. काम तेच. रोलर ओढायचा, पट्ट्या आखायच्या, सरावाची जाळी बांधायची आणि साहेब लोकांना सराव पाहिजे म्हणून तासन्‌तास चेंडू टाकत राहायचे.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. इतरांच्या आधी येऊन तो बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा. बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचा, असे सांगतात. डावखुरी फिरकी तिथे घडली. चेंडू कधी हळू, कधी पटकन, कधी आत, कधी बाहेर. पण एवढ्या वर्षांत त्या जाळीत बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम, चेंडू टाकणे हे गड्याचे. गोऱ्यांनीही आपली वर्णव्यवस्था मैदानात आणली होती, हे विसरून चालणार नाही. फरक इतकाच की ग्रेगसाहेबाला बाळूंच्या हातातून सुटलेल्या चेंडूचा विटाळ होत नव्हता.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. हरवू शकेल असा गोलंदाज शहरात एकच होता आणि तो अस्पृश्य होता. मोठी पंचाईत! काही सभासद म्हणाले, घ्या. पुण्याच्या ब्राह्मण सभासदांनी नाके मुरडली. शेवटी विजयाची भूक सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की इतरांना तंबूत कपबशी आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा, पिऊन झाला की भांडे फेकून द्यायचे. हात-तोंड धुवायचे तर पाणी घालायला अस्पृश्य गडी. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट बघा. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. आतला दोरा सोडला तर वरचे सगळे कातडे. गाईचे-बैलाचे कातडे कमावून, कापून, शिवून तो तयार होतो. तो चेंडू हातात घेताना, मांडीवर घासताना, त्याला थुंकी लावताना पुण्याच्या एकाही शास्त्र्या-पंडिताचा धर्म बुडाला नाही. पण कातडे कमावणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाने त्यांच्याच कपात चहा प्यायला असता तर बुडाला असता. ब्राह्मणी व्यवस्थेला आमच्या कामाचा विटाळ कधीच नव्हता. विटाळ होता तो आम्ही बरोबरीने बसण्याचा.

सातारच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध सामना झाला तेव्हा बाळूंनी ७ गडी बाद केले आणि पुणेकर जिंकून परतले. मग मात्र जाहीर सत्कार. न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचे कौतुक केले आणि अशा माणसाशी पंक्तिभेद करणे बरे नव्हे, अशा अर्थाचे बोल सुनावले. रानड्यांचे ऋण आम्ही मानतो. पण त्या सत्कारातले गणित समजून घेतले पाहिजे. ७ गडी बाद केले म्हणून पंक्तीचा विचार सुरू झाला. ज्याला ७ गडी बाद करता येत नाहीत, त्या बापड्या महार-मांग-चांभाराने कुठल्या भांड्यात चहा प्यायचा?

पुण्यात प्लेग आला आणि १८९६ च्या सुमारास पालवणकर कुटुंबाने मुंबई गाठली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी आणि रेल्वेच्याच संघात खेळ, असे बाळूंचे बस्तान बसले. हिंदू जिमखान्यात घेतानाही कुरकुर झाली. पण मुंबईला पुण्यापेक्षा पैशाचा आणि विजयाचा व्यवहार जास्त कळत होता. पाठचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही पुढे खेळू लागले आणि एका अस्पृश्य घरातले चार सख्खे भाऊ हिंदूंच्या संघात दिसले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा संघात बाळू होते आणि शिवरामही होते. तोवर सहभोजनाचा प्रश्न त्या संघापुरता सुटलेला होता. सुधारकांच्या वर्तमानपत्रांनी तो सामना म्हणजे समाजसुधारणेचा विजय म्हणून गौरवला.

मग आले १९११ साल. पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदू, मुसलमान, पारशी असा मिळून पहिला भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. दौरा एकंदरीत वाईट गेला. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. कप्तान महाराजांचे अर्धे लक्ष मेजवान्यांत होते. त्या संघाची जी काही लाज राखली ती ३५ वर्षांच्या, दुखऱ्या खांद्याच्या बाळूंनी. सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १८.८४. लेस्टरशायरवरच्या विजयात ११ बळी एकट्या बाळूंचे. सोमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकले. एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. भारताला पहिला कसोटी सामना मिळाला १९३२ साली. बाळूंच्या नावापुढे म्हणूनच एकही कसोटी नाही. पहिल्या दर्जाचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. ज्यांना आकडे कळतात त्यांना या सरासरीचा अर्थ सांगायला नको.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला, मानपत्र दिले. त्या मानपत्राला एका तरुणाचा हात लागलेला होता. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. आपल्यातला एक माणूस गोऱ्यांच्या देशात जाऊन गोऱ्यांना बाद करून आला, याचा अर्थ त्या काळच्या डबक चाळीतल्या, पोयबावडीतल्या माणसाला किती मोठा वाटला असेल!

एवढे झाल्यावर बाळू कप्तान झाले असतील, असे कोणालाही वाटेल. झाले नाहीत. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, दहा वर्षे हा प्रश्न निघत राहिला आणि दर वेळी एखाद्या सवर्णाची निवड होत राहिली. कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा होता. पै सज्जन माणूस. पण निवड करणाऱ्यांना त्यांच्या सज्जनपणाशी कर्तव्य नव्हते. कप्तान म्हणजे काय? तो कोणाला कुठे उभा राहा ते सांगतो. कोणी कधी चेंडू टाकायचा ते सांगतो. ब्राह्मणाने, प्रभूने, गुजराती शेटजीच्या पोराने चांभाराच्या हुकमावरून सीमारेषेकडे धावायचे, ही गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. त्याचा चेंडू चालत होता. त्याचा हुकूम चालत नव्हता.

१९२० साली चौरंगी स्पर्धेच्या वेळी पै आजारी पडले. आता तरी बाळूंना संधी मिळावी, तर कप्तानी दिली गेली पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर तेव्हा २८ वर्षांचे, बाळू ४४ चे. एवढ्यावर न थांबता बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जे केले ते आमच्या तरुणांनी वहीत लिहून ठेवावे. त्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन काढून सांगितले की जातीवरून होणारा हा अपमान आम्ही सोसणार नाही. ही १९२० ची गोष्ट आहे. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून सात वर्षे होती. बोंबाबोंब झाली, वर्तमानपत्रांत पत्रे आली आणि शेवटच्या सामन्यासाठी तडजोड निघाली. पै परत कप्तान, बाळू उपकप्तान, भाऊ संघात. पै मुद्दाम थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरती बाळूंनी हिंदू संघाची कप्तानी केली. आयुष्यभराच्या चाकरीचा मोबदला म्हणून काही तासांचा मान! बाळूंचा पहिल्या दर्जाचा खेळ त्याच मोसमात संपला.

१९२३ साली विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे मिळाले नाही ते धाकट्याने मिळवले. पण ते कोणी आपण होऊन दिले नव्हते. तीन वर्षांपूर्वी दोघा भावांनी बॅट खाली ठेवली होती, त्याचे ते फळ होते. पुढे विठ्ठलने मराठीत आत्मचरित्र लिहिले, ‘माझे क्रीडा-जीवन’. ते १९४८ साली आले. मराठी सारस्वताने त्याची काय दखल घेतली? रामचंद्र गुहा यांचे इंग्रजी पुस्तक २००२ साली येईपर्यंत आपल्यातल्या शिकल्या-सवरलेल्यांनाही पालवणकर कोण ते सांगता येत नव्हते. आपल्याच भाषेतले, आपल्याच माणसाचे पुस्तक घरात पडलेले आणि आपण ते इंग्रजीतून वाचले. आता २०२४ साली बाळूंवर हिंदी चित्रपट काढण्याची घोषणाही झाली. येऊ द्या, बघू.

देवधरांबद्दल आम्हाला आकस नाही. ते मोठे फलंदाज होते, वयाची शंभरी पाहून गेले, त्यांच्या नावाने १९७३ साली देवधर करंडक सुरू झाला, ते योग्यच झाले. भारतासाठी एकही कसोटी न खेळलेल्या रणजितसिंहांच्या नावाने रणजी करंडक आहे. आमचा प्रश्न साधा आहे. ११४ बळी घेणाऱ्याच्या नावाने मंडळाचा कोणता राष्ट्रीय करंडक आहे? बाळूंना १९२० साली संघातून वगळणारी माणसे कधीच गेली. पण नावे ठेवण्याची बैठक भरते तेव्हा ती पुन्हा येऊन बसतात की काय, अशी शंका येते.

इथे थोडे समुद्रापलीकडे जाऊ. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम, काळ्या माणसांची वस्ती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाकडे बाबासाहेबांचे लक्ष कायम राहिले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे मांडलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्ही समाजांची दुखणी बाबासाहेबांना सारखी दिसली. मैदानावरचे दुखणे तर अगदी तेच होते.

अमेरिकेत बास्केटबॉलची मोठी व्यावसायिक संघटना आहे, एन. बी. ए. १९५० पर्यंत तिच्यात एकही काळा खेळाडू नव्हता. त्या वर्षी बोस्टन संघाने चक कूपरची निवड केली आणि ३१ ऑक्टोबर १९५० रोजी वॉशिंग्टनच्या संघाकडून अर्ल लॉइड मैदानात उतरला, तो पहिला. दार उघडले. १९५६ साली त्याच दारातून बिल रसेल आला. जन्म १९३४ चा, लुइझियानातल्या मन्रो गावचा, जिथे काळ्यांनी वेगळ्या रांगेत उभे राहायचे. बापाने कुटुंब उचलून कॅलिफोर्नियात नेले, जसे पालवणकर पुण्याहून मुंबईला गेले. रसेल उंचापुरा, पण त्याचे खरे बळ अडवण्यात. समोरच्याने टोपलीकडे फेकलेला चेंडू हवेतच थोपवायचा आणि आपल्या गड्याच्या हाती द्यायचा. मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून तो बोस्टनच्या संघात गेला आणि १३ मोसमांत संघाला ११ अजिंक्यपदे मिळवून दिली. सांघिक खेळात इतके जिंकलेला दुसरा माणूस शोधावा लागेल.

पण १९६१ साली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला सामना होता, तिथल्या हॉटेलच्या उपाहारगृहात त्याच्या काळ्या सोबत्यांना खायला दिले नाही. मातीचे भांडेही नाही! रसेल आणि संघातले इतर काळे खेळाडू सामना न खेळता विमानाने परत गेले. विठ्ठल-शिवराम यांनी १९२० साली केले तेच. रसेलने बोस्टनजवळच्या रेडिंग गावात घर घेतले, तर लोकांनी घर फोडले, भिंतींवर शिव्या लिहिल्या, अंथरुणात घाण करून ठेवली. आपल्याच शहराला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या माणसाच्या अंथरुणात! गोऱ्या प्रेक्षकांना रसेलचा खेळ हवा होता, रसेल शेजारी नको होता.

इथपर्यंत बाळू आणि रसेल यांची वाट एकच. पुढे ती फुटते. १९६६ साली बोस्टनच्या प्रशिक्षकाने पद सोडले आणि ते रसेलला दिले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत त्या काळात काळा प्रशिक्षक झालेला तो पहिला. गोरे खेळाडू त्याच्या हुकमाखाली खेळले, आकाश कोसळले नाही आणि १९६८ व १९६९ साली रसेल प्रशिक्षक असतानाच संघ जिंकला. १९७५ साली बास्केटबॉलच्या थोरांच्या दालनात त्याला बसवायचे ठरले, तेव्हा तो समारंभाला गेला नाही. माझ्या आधी हा मान मिळायला हवा होता असे काळे खेळाडू बाहेर आहेत, ही त्याची भूमिका. २०१९ साली चक कूपरला मरणोत्तर तो मान मिळाला, तेव्हा कुठे रसेलने आपली अंगठी स्वीकारली. चव्वेचाळीस वर्षे! आमच्याकडे पुरस्कार जाहीर होण्याआधी शाल कुठली घ्यायची ते ठरवणारे पुढारी आहेत, त्यांनी हे वाचावे. रसेल २०२२ साली गेला आणि त्याचा ६ हा क्रमांक पूर्ण एन. बी. ए. ने कायमचा बाजूला ठेवला.

आता बाळूंच्या आयुष्याच्या उत्तरार्धाकडे यावे लागते. काही समाजबांधवांना तो विषय अवघड वाटतो, म्हणून बोलायचे टाळतात. आम्ही टाळणार नाही. बाळू गांधीजींच्या बाजूला गेले. स्वतंत्र मतदारसंघाच्या बाबासाहेबांच्या मागणीला त्यांनी विरोध केला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हाही बाळू विरोधात उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार शोधला तो हाच. बाबासाहेबांना मते पडली १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५. ज्या बाळूंच्या मानपत्राला बाबासाहेबांचा हात लागला होता त्याच बाळूंना काँग्रेसने बाबासाहेबांच्या अंगावर सोडले.

याचा राग यावा तेवढा थोडा. पण रागाबरोबर विचारही हवा. बाळूंनी आयुष्यभर काय पाहिले? सवर्णांच्या संघात राहून, चांगला खेळ करून, मातीचे भांडे सुटले, पंक्ती मिळाली. तेव्हा असेच आणखी थोडे सोसले तर उरलेलेही मिळेल, असे त्यांना वाटले असावे. बाबासाहेबांनी तेच चित्र पाहून वेगळा निष्कर्ष काढला. पंक्ती मिळाली हे खरे, पण निवड समिती कोणाची? जोवर संघ निवडणारे दुसरे आहेत तोवर त्यांना रुचेल तोच आमचा प्रतिनिधी होणार. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी म्हणजे दुसरे काय होते? आमचा कप्तान आम्ही निवडू, एवढेच! उपोषणाच्या दडपणाखाली पुणे करार झाला आणि जागा राखीव मिळाल्या, निवड मात्र सगळ्यांच्या हाती गेली. १९२० साली ज्यांनी बाळूंना कप्तानी नाकारली, तीच मंडळी १९३७ साली त्यांना उमेदवारी देताना आनंदाने पुढे आली. कारण कप्तानी म्हणजे हुकूम देणे, आणि ती उमेदवारी म्हणजे हुकूम पाळणे होते.

वाशीमकरांना हे लांबचे वाटण्याचे कारण नाही. वाशीम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे ज्या करारावर बाळूंची सही आहे, त्याच्याच वळणावर इथला मतदार बटण दाबतो. उमेदवार आमच्यातला, पण तिकीट कोण देतो आणि तो निवडून आल्यावर कोणाचा फोन उचलतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

बाळू १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत वारले. त्यांच्या राजकारणाशी आमचे भांडण राहील आणि मैदानावरच्या त्यांच्या हक्कासाठी आम्ही भांडत राहू. दोन्ही एकाच वेळी करता येते.

क्रिकेटमधल्या प्रतिनिधित्वाचा विषय काढला की आजही ‘गुणवत्ता’वाले चवताळून उठतात. १९३२ पासून तीनशेहून अधिक पुरुष भारतासाठी कसोटी खेळले. त्यांतले दलित मोजायला एका हाताची बोटे पुरतात, असे अभ्यासकांनी २०१८ साली मांडले होते. मग उरलेल्या समाजात गुणवत्ता नाही काय? दक्षिण आफ्रिकेने २०१६ साली ठरवले की मोसमाच्या सरासरीने अकरांत सहा खेळाडू गोऱ्यांव्यतिरिक्त असावेत आणि त्यांत दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. जगभरच्या पंडितांनी छाती पिटली, संघ बुडणार म्हणाले. तेम्बा बवुमा कप्तान झाला तेव्हा ‘कोट्यातला’ म्हणून टिंगल झाली. त्याच बवुमाच्या कप्तानीखाली दक्षिण आफ्रिकेने जून २०२५ मध्ये लॉर्ड्‌सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. पंडितांनी छाती कुठे पिटली ते नंतर कळले नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न मानापमानापुरता नाही, पोटाचाही आहे. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. ते मिळते प्रमाणपत्रावर, प्रमाणपत्र मिळते स्पर्धेतल्या कामगिरीवर आणि त्या स्पर्धेला जायचे तर आधी संघात नाव लागावे लागते. म्हणजे जिल्ह्याचा संघ निवडणारा माणूस नुसता संघ निवडत नाही, उद्याचा फौजदार आणि उद्याचा तलाठी निवडतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली ती उगाच नाही. ज्यांना या कागदाची किंमत कळली त्यांनी मैदानावर न जाता तो कागद मिळवला. आणि रिसोड-मालेगावकडच्या वस्तीतले पोर, जे पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने धावते, त्याला निवड चाचणी झाली हे दुसऱ्या दिवशी कळते. २०१८ साली नीती आयोगाने वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. आकांक्षा पोरांना आहेच. चाचणीची तारीख तेवढी त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्या मंडळांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डी. जे. वर जो खर्च होतो, त्यात वस्तीतल्या मुला-मुलींसाठी वर्षभर एक चांगला प्रशिक्षक ठेवता येतो. क्रिकेटचे सामने भरवतो म्हणाल, तर बक्षिसाच्या ढालीवर नगरसेवकाचे नाव आणि पोस्टरवर त्याचा फोटो. त्या ढालीला बाळू पालवणकरांचे नाव द्यायला कोणाची परवानगी लागते? बाळूंचा जन्म १८७६ चा, म्हणजे २०२६ साली दीडशे वर्षे पूर्ण होतात. एकेका तालुक्याने एक पालवणकर चषक सुरू केला तरी सहा होतील. आणि त्या चषकात मुलींचे सामने असावेत, ज्यांना अजून झाडण्याच्या कामापुरतेही मैदानात कोणी बोलावलेले नाही.

जिल्ह्यातल्या क्रीडा संघटनांकडे मागणी एकच. निवड समितीवर कोण आहे, चाचणी कोणत्या तारखेला आहे, चाचणीत कोणाला किती गुण पडले आणि कप्तान कोणत्या कारणाने निवडला, हे सगळे लिहून जिल्हा क्रीडा संकुलाच्या आणि प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा. त्याला अनुदान लागत नाही, मंत्र्याची तारीख लागत नाही. एक कागद आणि चार टाचण्या लागतात.